डावऱ्याचा गालिचा

या शहरात ‘बिनपगारी’ बँडचा पहिला कार्यक्रम आपण पाहिला, असं सांगणारी माणसं पैशाला पासरी मिळतील. कामगार हॉल मुळात लहान, त्यात त्या दिवशी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. भरलेल्या खुर्च्यांवर बँडमधल्या चौघांचे नातेवाईक होते, हॉलचा रखवालदार होता आणि बाहेर ऊन लागतं म्हणून आत येऊन बसलेले दोन म्हातारे होते. पण आज कुठेही विषय काढा, जो तो छातीवर हात ठेवून सांगेल की मी होतो. एवढी माणसं खरोखर आली असती तर हॉलच्या भिंती बाहेरच्या रस्त्यावर गेल्या असत्या.

एक बाई मात्र नक्की होती, आणि त्याला पुरावा आहे. त्या कार्यक्रमाचा एकच फोटो निघाला. त्यात मागे ड्रम आहेत आणि पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला पाठ टेकून, पाय पसरून, मांडीवर पर्स घेऊन एक तरुण बाई स्टेजवर बसली आहे. चेहऱ्यावर भाव असा, की बस उशिरा येणार हे तिला आधीच ठाऊक होतं. पुढे हा फोटो बँडच्या पोस्टरवर गेला, शर्टांवर गेला. लोकांना वाटतं, ही कुणी गायिका असेल. ती ड्रमवाल्याची थोरली बहीण. पडदे आणि खुर्च्यांची कव्हरं शिवणाऱ्या दुकानात कामाला होती. तिला सगळे ताई म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा.

झालं होतं असं. कामगार हॉलचं स्टेज लाकडी, आणि रखवालदाराला त्याचा भारी अभिमान. मेण लावून त्याने ते असं गुळगुळीत ठेवलेलं की त्यात तोंड बघावं. त्यावर खिळा मारायचा नाही, चिकटपट्टी लावायची नाही, असा त्याचा नियम. दुसऱ्या गाण्यालाच ड्रम पुढे सरकायला लागले. भाऊ पायाने ठोका मारी, तसा मोठा ड्रम बोटभर पुढे जाई, आणि हा स्टूल ओढत त्याच्या मागे. चौथ्या गाण्याला तो गायकाच्या बरोबरीला आला. प्रेक्षक खदखदून हसायला लागले. भावाचे कान लाल झालेले पहिल्या रांगेतून ताईला दिसले. या पोराला तिने आईच्या मागे वाढवला होता, आणि तो रडायच्या आधी त्याचे कान लाल होतात हे जगात तिला एकटीलाच माहीत होतं. ती उठली, स्टेजवर चढली, सगळं सामान मागे ढकललं आणि ड्रमला पाठ लावून बसली.

“तू वाजव,” ती मान न वळवता म्हणाली. “मी धरलंय.”

उरलेला सगळा कार्यक्रम तिने पाठीने ऐकला. दुसऱ्या दिवशी पाठ अशी धरली होती की दुकानात वाकता येईना.

भाऊ डावखुरा होता, म्हणून बँडमध्ये त्याला डावऱ्या म्हणत. शाळेत बाईंनी त्याचा डावा हात बाकाला बांधून ठेवला, तेव्हा ताई स्वतः जेमतेम शाळकरी, पण वर्गात जाऊन दोरी सोडून आली होती. पुढे ड्रम शिकवणाऱ्यानेही तेच सांगितलं, की उजव्या हाताने शीक, सगळं सोपं जाईल. ताईने त्याला विचारलं, सोपं कुणाला, तुम्हाला की त्याला? त्यानंतर ड्रम डावऱ्याच्या सोयीने लागू लागले, म्हणजे सगळ्या जगाच्या उलट. पायाने उघडझाप करायच्या झांजा इतरांच्या डाव्या हाताला असतात, त्या याच्या उजव्या हाताला. बाकीचं सगळंही तसंच इकडचं तिकडे, आरशात पाहिल्यासारखं.

बँडचं नावही ताईचंच म्हणायचं. चौघं पोरं दिवसभर तिच्या बाहेरच्या खोलीत धुडगूस घालत, डबे रिकामे करत आणि वर खिडकी उघडू नका म्हणून तिलाच हुकूम सोडत. ती म्हणायची, बिनपगारी आणि फुल अधिकारी. पोरांनी त्यातला अर्धा भाग उचलला.

पहिल्या कार्यक्रमानंतर ताईने आईच्या खोलीतला गालिचा काढला. आई गेल्यापासून तो गुंडाळून ठेवलेला होता. वरून मऊ, खालून खरखरीत तागाचा, जमिनीला गोचिडासारखा धरून राहणारा. त्यावर तिने ड्रम मांडायला लावले आणि प्रत्येक पाय जिथे टेकला तिथे बाकदार सुईने जाड दोऱ्याची फुली घातली. स्टँडना पांढरा दोरा, पायाने दाबायच्या पट्ट्यांना लाल, स्टुलाला निळा. चिकटपट्टी लावली असती तर गुंडाळताना सुटली असती. हे टाके कधी सुटणार नव्हते. तिच्या दुकानाचा मालक कुठलंही शिवणकाम हातात घेतलं की आधी उलटून पाही आणि मागे गाठ दिसली की उसवायला लावी. त्यामुळे ताईच्या फुल्या गालिच्याच्या खालूनही वरच्यासारख्याच नेटक्या उमटल्या होत्या. खालची बाजू कोण बघणार, असं डावऱ्या म्हणाला होता. सवय आहे, ती म्हणाली.

तेव्हापासून बँडच्या या शहरातल्या प्रत्येक कार्यक्रमाला गालिचा ताईने अंथरला आणि ड्रमही तिनेच मांडले. दुरुस्तीसाठी रिकाम्या केलेल्या पोहण्याच्या तलावात एकदा कार्यक्रम झाला. प्रेक्षक काठावर पाय सोडून बसले होते आणि बँड तळाशी. तिथे प्रत्येक ठोका भिंतीवर आपटून परत येई, आणि डावऱ्या तासभर स्वतःच्याच प्रतिध्वनीशी भांडत बसला. तळाला उतार, म्हणून स्टँडखाली ताईच्या चपला लागल्या. ती अनवाणी घरी आली. भाजी मार्केटच्या गच्चीवर एकदा वाऱ्याने गाण्यांचे कागद नेले आणि गायकाने शब्द न आठवून तीन गाण्यांना एकच कडवं म्हटलं. लोकांनी तेही डोक्यावर घेतलं. ती वर्षंच तशी होती, पोरं काहीही करोत, लोकांना गोडच वाटे.

मग मोठं थिएटर मिळालं. तिथल्या लाल खुर्च्यांची कव्हरं ताईच्याच दुकानातून गेलेली. पडदा उघडायच्या आधी तिने फटीतून पाहिलं, तर आपण शिवलेली एकही खुर्ची दिसत नाही, सगळीकडे माणसंच. तेव्हा तिला रडू आलं. बँडमध्ये गिटार वाजवणारा शाळेत गणित शिकवी, त्याला मास्तर म्हणत. त्याने विचारलं, ताई, काय झालं? ती म्हणाली, कव्हरं मळतील.

त्याच सुमारास तिचं एका भल्या माणसाशी लग्न जमत आलं होतं. तो एकदा घरी आला आणि बाहेरच्या खोलीतले ड्रम पाहून म्हणाला, हे सामान लग्नानंतर कुठे जाणार? ताई म्हणाली, माझ्याबरोबर. आणि भाऊ? तोही. भला माणूस चहा संपवून गेला तो गेलाच. डावऱ्याला हे कळलं तेव्हा तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने तिला स्टेजवर वाजवायच्या काठ्यांची एक जोडी आणून दिली. त्यावर काही लिहिलं नव्हतं. ती तिने कपाटात साड्यांखाली ठेवली.

फुटबॉलच्या मैदानावरच्या कार्यक्रमाला तर गळ्यात बिल्ले लटकवलेली पोरं आली होती. त्यातल्या एकाने काखेत गालिचा घेतलेल्या ताईला फाटकातच अडवलं. सामान लावायला आमची माणसं आहेत, काकू, असं म्हणाला. आत डावऱ्या स्टेजच्या पायऱ्यांवर बसून राहिला. बाहेर मैदान भरून लोक टाळ्या पिटत होते, आयोजकाला घाम फुटला होता, आणि हा म्हणतो, गालिचा आला की वाजवतो. शेवटी बिल्लेवाल्यानेच गालिचा खांद्यावर घेतला आणि ताईला वाट करून दिली. एवढ्या मोठ्या मैदानात, एवढ्या मोठ्या पडद्याखाली, आईच्या खोलीतला तो गालिचा पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसत होता.

डावऱ्याच्या वाजवण्यात एक खोड होती. त्याचा पायाचा ठोका केसभर आधी पडे. मास्तर त्यावरून कायम कुरकुरे, अरे, घाई कसली, तुझी गाडी चुकतेय का? पण ताईला ती खोड पहिल्या दिवसापासून पाठीत माहीत होती. लहानपणी हाक मारायच्या आधीच “काय?” म्हणून विचारणारं पोर ते. ठोकाही तसाच, बोलवायच्या आधी हजर.

त्याची किडनी बिघडली तेव्हा तो चाळिशीलाही पोचला नव्हता. शेवटचा कार्यक्रम लाल खुर्च्यांच्या त्याच थिएटरमध्ये झाला. पाय सुजलेले, बूट चढेना, म्हणून तो मोज्यांवर वाजवायला बसला. शेवटचं गाणं अर्ध्यावर आलं आणि त्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. लोकांना वाटलं, गाण्यातच तसं आहे. त्यांनी टाळ्यांनी ठेका धरला आणि गाणं शेवटपर्यंत नेलं. सगळं थिएटर वाजवत होतं आणि तो एकटा शांत बसून ऐकत होता. विंगेतून ताईला त्याचे कान दिसत होते.

दवाखान्यात एके दुपारी तो तिला म्हणाला, “ड्रम कुणालातरी दे. आणि मांडून तू दे. दुसऱ्या कुणाला जमत नाही.”

ताई त्याच्या पायांना तेल लावत होती. हो म्हणाली. माणूस अंथरुणाला खिळला असताना बहीण दुसरं काय म्हणणार? पण हो म्हटलं ते म्हटलं.

तो गेला. ताईने ड्रमना राखाडी कापडाची कव्हरं शिवली, प्रत्येकाला मापाचं, कडेला दोरी घालून. बाहेरच्या खोलीत ते सगळे उभे, आणि ती सकाळी कामाला जाताना त्यांच्यातून वाट काढत जाई. मास्तर आला, गायक आला, बासवाला लंबू तर दारात उभा राहून रडला. दर वेळी तिने चहा दिला आणि ड्रमचा विषय निघाला की कपबश्या उचलल्या. मनातून तिला त्यांचा राग येई. ही माणसं जिवंत कशी, असा तो राग. तो खरा नाही हे तिला कळत होतं, पण कळून काही होत नव्हतं. आणि त्या रागाखाली दुसरी गोष्ट डाचत होती. आयुष्यभर भावाचा एकही शब्द तिने खाली पडू दिला नव्हता, आणि शेवटचाच शब्द धूळ खात पडला होता.

वर्ष होत आलं तेव्हा मास्तर पुन्हा आला. कामगार हॉलमध्ये डावऱ्यासाठी एक कार्यक्रम करायचा म्हणाला. हॉल तोच, रखवालदार तोच, नियमही तेच. वाजवायला मास्तरची पुतणी. दातांच्या डॉक्टरकडे कामाला होती, अंगाने काडी, पण हात चांगला. त्या दिवशी ताईने कपबश्या उचलल्या नाहीत. ती म्हणाली, मांडून मी देणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मास्तरने मान हलवली आणि बाहेर जाऊन बराच वेळ नाक शिंकरलं.

त्या संध्याकाळी ताई सगळ्यांच्या आधी हॉलवर गेली. रखवालदार आता पार वाकला होता, पण स्टेज तसंच आरशासारखं. तिने गालिचा उलगडला. पायाची पट्टी जिथे येई तिथे डावऱ्याच्या टाचेने त्यावर टक्कल पाडलं होतं. तिने त्यावर क्षणभर तळहात ठेवला आणि कामाला लागली. पांढऱ्यावर पांढरं, लालवर लाल, निळ्यावर स्टूल. हात आपोआप चालत होते, आणि तिला बरं वाटत होतं. वर्षभरात पहिल्यांदा तिला वाटलं, जमतंय आपल्याला, दिलेला शब्द पाळतोय आपण. लंबूने एकेक ड्रम टपटप वाजवून माईक तपासले. मास्तर, गायक, सगळे तिथेच वावरत होते.

पुतणी दवाखान्यातून थेट आली, उशिरा, धापा टाकत. लोक येऊन बसले होते, पडदा बंद होता. ती स्टुलावर बसली, काठ्या उचलल्या, आणि तशीच थांबली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

“काका,” ती हळूच मास्तरला म्हणाली, “हे सगळं उलटं आहे.”

ताईने ड्रम डावऱ्यासाठी मांडले होते. तिनेच नव्हे, तिथल्या एकालाही ते खटकलं नव्हतं. वीस वर्षं सगळ्यांनी ते तसेच पाहिलेले, डोळ्यांना तेच सुलटं वाटत होतं. ड्रम डावखुऱ्यासाठी लागले की वाजवायला तोच येणार, हे सगळे न बोलता धरून चालले होते. लंबू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

ताईला वाटलं, शब्द पाळायला आलो आणि जागा मात्र त्याचीच राखून ठेवली. पोरगी बिचारी म्हणत होती, राहू दे ताई, मी वाजवेन कसंतरी. पडद्यापलीकडे लोक खुर्च्या वाजवायला लागले होते. गायक म्हणाला, सगळं काढून अंदाजाने लावू या, खुणा आता उपयोगाच्या नाहीत.

“अंदाजाने काही लावायचं नाही,” ताई म्हणाली. “उचला सगळं खाली.”

त्यांनी ड्रम उतरवले. रिकाम्या गालिच्यावर फक्त फुल्या उरल्या, आणि ते टक्कल. ताईने डाव्या बाजूचे दोन्ही कोपरे धरले आणि गादीवरची चादर पालटावी तसा गालिचा उजवीकडे पालथा घातला. वर तागाची बाजू आली. त्यावर त्याच फुल्या, पांढऱ्या, लाल, निळ्या, एकही गाठ नाही, आणि सगळ्या इकडच्या तिकडे. ज्या खुणा डाव्या हाताच्या होत्या त्या उजव्या हाताच्या झाल्या होत्या. मास्तरने आयुष्यभर पोरांना भूमिती शिकवली, पण त्यालाही ते उमगायला वेळ लागला. ताईने पांढऱ्यावर पांढरं ठेवलं, लालवर लाल. भावाची टाच आता जमिनीकडे तोंड करून खाली गेली होती, आणि तिच्या वर तिने दुसऱ्याच्या पायाची पट्टी ठेवली. तेवढं ठेवताना तिचे हात थांबले. मग तिने ती ठेवली.

पडदा उघडला. पहिलं गाणं नीट गेलं. पोरगी खरंच छान वाजवत होती, ठोका कसा चोख. दुसऱ्या गाण्याला विंगेत उभ्या ताईला दिसलं की मोठा ड्रम हलतोय. गालिच्याची मऊ बाजू आता मेणावर होती, आणि धरून ठेवणारा ताग वर. ठोक्यागणिक सगळा गालिचा बोटभर पुढे सरकत होता, आणि पोरीचे कान लाल व्हायला लागले होते.

ताई स्टेजवर गेली. लोकांना ती दिसली तेव्हा आधी मागून कुणीतरी हसलं, मग तो फोटो आठवून टाळ्या सुरू झाल्या. केस पिकलेली, गुडघे धरलेली ती बाई लंबूचा हात धरून खाली टेकली, पाय पसरले, ड्रमला पाठ लावली. पर्स मांडीवर घेतली. टाळ्या वाढल्या आणि मग हळूहळू विरत गेल्या, कारण पुढच्या रांगांना तिचा चेहरा दिसायला लागला होता.

पाठीला सगळं कळत होतं. हा पाय हलका होता, ठोका वेळेवर पडत होता, अगदी जिथे पडायला हवा तिथेच. एकदाही आधी पडला नाही. ताईची पाठ प्रत्येक वेळी केसभर आधी वाट पाहत होती, आणि प्रत्येक वेळी तिथे काही येत नव्हतं. वर्षभर तिला जे पटलं नव्हतं ते त्या रिकाम्या जागेत तिला ठोक्याठोक्याने पटत गेलं. सगळ्या हॉलसमोर ती रडत होती आणि डोळे पुसायला पर्सवरचा हात काढत नव्हती.

गाणं संपल्यावर पोरगी मागून वाकून म्हणाली, “ताई, लागतंय का तुम्हाला? मी हळू वाजवते.”

ताईने मान वळवली नाही. तिने टाचा फळ्यांवर घट्ट रोवल्या आणि पाठ आणखी मागे रेटली.

“तू वाजव,” ती म्हणाली. “मी धरलंय.”

मास्तरने पुढचं गाणं सुरू केलं.